चावीवाल्या काकांचा लव्हाळा

चावीवाल्या काकांना कुणी विचारलं, की काका, तुमच्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती, तर ते आधी उलट विचारतात, "पाण्यातली, की इतर?" इतर चुकांना त्यांच्या लेखी फारसं मोल नाही. मग खुर्ची पुढे ओढून ते लव्हाळ्याची गोष्ट सांगतात, आणि त्या गोष्टीत गाढवाची जागा दुसऱ्या कुणाला देत नाहीत. सांगताना काही भाग मात्र हटकून गाळतात. तो इथे घेतला आहे.

काका चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या खात्यात होते. छातीइतकी उंच लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचं, रस्त्यातल्या चेंबरचं झाकण सरकवायचं, चावी खाली सोडून व्हॉल्व्हवर बसवायची आणि मोजून बावीस आटे फिरवायचे. मग चावीच्या दांड्याला कान लावून उभं राहायचं. दांड्यातून पाण्याची घरघर वर येते, आणि त्या घरघरीवरून काका सांगत, की कुठल्या वळणावर हवा अडकली आहे नि कुठला जोड ढिला झाला आहे. गळती शोधण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं खात्यात म्हटलं जाई. काका स्वतःच्या तोंडानं असं कधी म्हणाले नाहीत. दुसरा कुणी म्हणायचं विसरला, तर तेवढी आठवण करून देत.

मग एके दिवशी चावी जमा झाली आणि काका घरी बसले. घरी बसणं हे काम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पहाटे साडेचारला डोळे टक्क उघडत, आणि पुढचे दोन तास ते काकूंच्या पायात पायात घुटमळत. पूर्वी रस्त्यानं चालले तर दहा जण अडवून विचारत, "काका, आज पाणी किती वाजता?" आता तेच लोक नव्या माणसाला विचारू लागले. काका मुद्दाम त्यांच्या समोरून दोनदा गेले, तरी कुणी विचारेना. घरातसुद्धा काय शिजवायचं, कुणाला बोलवायचं, पडदे कधी धुवायचे, हे सगळं त्यांच्याविना चौतीस वर्षं ठरत आलं होतं आणि उत्तम ठरत आलं होतं. त्यांच्या अखत्यारीत उरलं होतं फक्त अंगण. गेटपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बारा पावलं, आणि आडवी सात. नुसती माती.

आणि नेमकी तिथेच काकूंना फरशी हवी होती.

"चिखल होतो," काकू म्हणाल्या. "मागच्या वर्षी मी घसरले. फरशीवाला येऊन मापं घेऊन गेलाय."

काका तडक बाहेर येऊन मातीवर उभे राहिले. फरशीखाली काय चाललंय ते दिसत नाही, हा त्यांचा धंद्यातला जुना राग होता. शहरातल्या निम्म्या गळत्या त्यांनी असल्या चकचकीत फरश्या फोडूनच काढल्या होत्या. पण खरी गोष्ट वेगळी होती. तेवढी मातीसुद्धा झाकली गेली, की आपल्याला घरात विचारायचं काही उरणार नाही, याची त्यांना भीती वाटत होती. हे काही बायकोला सांगता येत नाही. म्हणून ते म्हणाले, "चिखल बागेनं जातो. मी बाग करतो."

"पाणी कुठून आणणार?"

पाणी देणाऱ्या माणसाला हा प्रश्न त्याच्याच घरात विचारला गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांचं घर लाइनीच्या अगदी शेपटाला. एक दिवसाआड पाणी येई, तेही सगळ्या भागाचं आटोपल्यावर, करंगळीएवढ्या धारेनं, गेटजवळच्या एकुलत्या नळाला. तिथून बारा पावलं बादल्या वाहायच्या. हे वेळापत्रक खुद्द काकांनी आखलेलं होतं आणि नवा माणूसही तेच चालवत होता.

"पाण्याशिवायची बाग करतो," काका म्हणाले. तोंडातून निघून गेलं, आता मागे घेता येईना.

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बरं. रुजेपर्यंत घाला काय घालायचं ते. त्यानंतर उन्हाळा संपेपर्यंत घरातल्या पाण्यातला एक थेंबही नाही. तरी ते हिरवं राहिलं, तर माती तुमची. नाहीतर मी फरशीवाल्याला फोन करणार."

"कबूल," काका म्हणाले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

गावाबाहेर एक बाई रोपवाटिका चालवत. त्या फक्त आजूबाजूच्या माळावर आपोआप उगवणारीच झाडं विकत, म्हणून त्यांच्याकडे फारसं कुणी जात नसे. काकांनी त्यांना अडचण सांगितली. बाईंनी वाफ्यातून वीतभर उंचीचा एक झुबका उचलून काकांच्या हातात दिला.

"हे तर गवत आहे," काका म्हणाले.

"देठ बोटांत धरून फिरवा."

काकांनी फिरवला. बोटांना तीन कडा लागल्या. गवताचा देठ गोल असतो, हा चक्क तिकोनी होता.

"लव्हाळ्याच्या कुळातला आहे," बाई म्हणाल्या. "याचे भाऊबंद पाण्याच्या काठी राहतात. हा मात्र माळावरचा. दोन महिने चार-चार दिवसांनी थोडं पाणी द्या, मुळं खाली गेली की सोडून द्या. उन्हाळ्यात शेंडे तांबूस पडतील, घाबरू नका. याला कोरड मारत नाही. याला मारतं ते माणसांचं प्रेम. बुंध्याशी ओल राहिली की कुजतो."

काकांनी चोवीस रोपं घेतली आणि अंगणात सहाच्या चार रांगा लावल्या. अंतर चावीच्या दांड्यानं मोजायची सवय. चावी नव्हती म्हणून झाडूच्या दांड्यानं मोजलं. शेजारचे हेडमास्तर भिंतीवर कोपरं टेकून बघत होते. ते निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण तपासायची खोड गेली नव्हती.

"काका, तण काढायचं असतं, लावायचं नसतं," हेडमास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही पन्नास पोरांच्या वर्गात हुशार कोण नि मठ्ठ कोण हे पहिल्या दिवशी सांगत होता का?"

"हो," हेडमास्तर म्हणाले. काकांनी झाडूचा दांडा उचलून पुढची रांग मोजायला घेतली.

दोन महिने सरले आणि पाणी बंद झालं. खरी परीक्षा लव्हाळ्याची नव्हती, काकांची होती. चौतीस वर्षं कोरडं दिसलं की सोडायचं, हेच हाताला माहीत. पहाटे जाग आली की हात आपसूक काहीतरी फिरवायला शोधत. एकदा तर पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन ते अंगणात पाच मिनिटं उभे राहिले, आणि शेवटी ते पाणी स्वतःच पिऊन आत आले. दुसऱ्यांदा भिंतीपलीकडून आवाज आला, "कॉपी चालणार नाही." त्यानंतर काकांनी अंगणात जाताना दोन्ही हात पाठीमागे बांधायला सुरुवात केली.

लव्हाळा मात्र मजेत होता. हिवाळ्यात त्यानं बुंध्यातून नवी पाती काढली, बारीक तपकिरी तुरे काढले. मार्च-एप्रिलच्या उन्हात शेजाऱ्यांच्या कुंड्या माना टाकत होत्या, हा शेंडे जरा तांबूस करून उभा. काकांची छाती फुगत चालली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते अंगण दाखवू लागले.

"बघा, काही मागतो का? पाणी नाही, खत नाही, लाड नाहीत. आहे त्यात भागवतो. तोंडातून तक्रार म्हणून नाही. याला म्हणतात गुण."

हे भाषण पोस्टमननं ऐकलं, दूधवाल्यानं ऐकलं, मुलीनं फोनवर ऐकलं. घरात बसून काकूंनी ते किती वेळा ऐकलं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. एकदा त्या दारात येऊन एवढंच म्हणाल्या, "फार कौतुक चाललंय." काकांना वाटलं, हरायची चिन्हं दिसू लागल्यानं बाईसाहेब चिडल्या. त्यांना भारी गंमत वाटली.

उन्हाळा संपायला तीन आठवडे राहिले, आणि स्वयंपाकघराच्या दाराजवळची पाच रोपं पिवळी पडली. तांबूस नव्हे, पिवळी. काकांनी एकाला हात लावला, तर झुबका बुंध्यापासून अलगद सुटून हातात आला. खाली मऊ, कुजका वास. त्यांनी मातीत बोट घातलं. माती ओली होती.

भर उन्हाळ्यात, एक थेंब न घातलेली माती ओली. दुसरा कुणी असता तर चक्रावला असता. काकांचे डोळे चमकले. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कळलं, की आपण कशासाठी जन्मलो.

"गळती," ते म्हणाले.

गेटपासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीखालून एक जुनी लाइन होती. काकांनीच लग्नानंतर हौसेनं टाकली होती, पण शेपटाच्या घराला एवढा दाब कुठला मिळायला. पाणी कधी आतल्या नळापर्यंत चढलंच नाही. लाइन तशीच पडून होती. तिच्यातच कुठेतरी पाणी शिरून पाझरत असणार. काकांनी फिटरला फोन लावला. हा फिटर त्यांच्या हाताखाली शिकलेला, आता खात्यात मोठा झालेला.

"थोडं ओलं आहे तर असू द्या की," काकू मागून म्हणाल्या.

"अगं, गळतीला असू दे म्हणायचं? मी?"

"मरणारं मरेल, बाकीची आहेत. कशाला खणत बसता उन्हात?"

"तुला फरशी हवी आहे म्हणून तू असं म्हणतेस," काका म्हणाले. काकू आत गेल्या, परत बाहेर आल्या, पुन्हा आत गेल्या. ही येरझार काकांना दिसली, पण तिचा अर्थ लावायला त्यांना सवड नव्हती.

रविवारी सकाळी फिटर आला. येताना कुदळ, फावडं आणि जुन्या आठवणीखातर ती चावीसुद्धा घेऊन आला. काकांनी चावीचा दांडा जमिनीला टेकवून कान लावला, डोळे मिटले. हेडमास्तर भिंतीवर आले. बराच वेळ ऐकून काका म्हणाले, "इथे." तिथे खणलं. पाइप कोरडा. काका दोन पावलं सरकले, पुन्हा ऐकलं. "इथे." तिथेही कोरडा. वाटेत येणारी लव्हाळ्याची रोपं मुळासकट उपटून घमेल्यात जात होती. आधी दोन, मग पाच, मग मोजणं थांबलं. दुपारपर्यंत गेटपासून दारापर्यंत कमरेएवढा चर पडला, पाइप अख्खा उघडा झाला, आणि त्याच्यावर पाण्याचा एक ठिपका नव्हता. फिटरनं कुदळीच्या दांड्यानं पाइपावर टकटक केलं.

"काका, पाइप तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे."

"डोंगर पोखरून उंदीर," भिंतीवरून शेरा आला. "उंदीरही दिसत नाही."

फिटर दाराजवळच्या त्या पाच रोपांपाशी उकिडवा बसला. त्यानं चराच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत बोटानं चाचपली. मग जरा चाचरतच म्हणाला, "काका, तुम्हीच शिकवलंय म्हणून विचारतो. गळतीची ओल कुठून कुठे जाते?"

"खालून वर."

"इथं वर चार बोटं ओल आहे. खाली सगळं कोरडं. आणि ओल गोल-गोल आहे, एकेका बुंध्याभोवती." तो उठला आणि हात झटकत म्हणाला, "हे गळलेलं नाही. कुणीतरी घातलेलं आहे."

काकांनी चरात उभ्या उभ्याच ती माती पाहिली. खात्यात नव्यानं लागलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती गोष्ट. चौतीस वर्षांचा कान, आणि डोळे कुठे गेले होते कोण जाणे. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, काकांनी तर वळसा घालण्यासाठी गावच खणून काढलं होतं. तिघांनीही एकदम दाराकडे पाहिलं. दारात काकू चहाचे पेले घेऊन उभ्या होत्या.

"माझ्याकडे काय बघताय? चहा निवतोय."

फिटर शहाणा होता. उभ्या उभ्या चहा संपवून निघाला. हेडमास्तरांनाही अचानक घरातून हाक ऐकू आली. काका चराच्या काठावर पाय सोडून बसले. काकू उंबऱ्यावर बसल्या.

"कधीपासून?"

"महिना झाला असेल. तुम्ही दुपारी झोपलात की एक तांब्या. पाच जणांत."

"साठवलेल्या पाण्यातला?"

"मग काय, तुमच्या व्हॉल्व्हमधला?"

"पण का? हरलो असतो तर तुलाच फरशी मिळाली असती."

काकूंनी पदरानं पेल्याची कड पुसली. ती मुळात स्वच्छच होती.

"तुम्ही सगळ्यांना सांगत होता ना, काही मागत नाही, आहे त्यात भागवतो, तक्रार नाही. रोज ऐकत होते मी. मागत नाही म्हणून त्याला कुणी द्यायचंच नाही का? मी पण चौतीस वर्षं भागवलं. शेवटच्या धारेवर. पोर लहान होती तेव्हा एकदा फक्त म्हटलं, आपल्या गल्लीचं दहा मिनिटं उशिरा बंद करा. तुम्ही काय म्हणालात?"

काका काय म्हणाले होते, ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. 'लोक म्हणतील, स्वतःच्या घराला पाणी सोडतो.' हे वाक्य त्यांनी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं होतं. निरोपसमारंभात तर माइकवरून सांगितलं होतं, आणि टाळ्या पडल्या होत्या. काकू तेव्हा पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या होत्या की नाही, हे काकांनी पाहिलं नव्हतं.

"माझं असं कौतुक कधी पोस्टमननं ऐकलं नाही," काकू म्हणाल्या.

काकांना स्वतःची लाज वाटली, आणि ती नेहमीसारखी हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. ते मातीचं एक ढेकूळ बोटांनी फोडू लागले.

"मी हरलो," शेवटी ते म्हणाले. "तुझ्या पाण्यानं नाही, आधीच. फरशीवाल्याला मीच फोन करतो."

"फरशी कुणाला हवी होती? चिखलातून बादल्या आणाव्या लागतात म्हणून म्हणत होते." काकूंनी चराकडे हनुवटी उडवली. "एवढं खणलंच आहे तर इथे दाराशी जमिनीत टाकी बसवा. बारीक धार असली तरी या पाइपातून खालच्या टाकीत पडेल. मुलगी दहा वर्षं सांगतेय."

जमिनीतली टाकी ही काकांच्या तत्त्वाविरुद्धची गोष्ट होती. एकाची टाकी भरते तेव्हा पुढच्याचा नळ कोरडा राहतो, म्हणून आपल्या अमदानीत त्यांनी लोकांना टाक्यांवरून दमात घेतलं होतं. लोक आता काय म्हणतील, हे वाक्य सवयीनं ओठांपर्यंत आलं. काकूंनी ते येताना पाहिलं, आणि काकांनी त्या पाहताहेत हे पाहिलं.

"बसवू," काका म्हणाले.

घमेल्यातली रोपं काकूंनी सावलीत ओढली. एकोणीस होती, मुळं उघडी पडलेली, तरी पाती ताठ. टाकीच्या कडेनं पुन्हा लावता आली असती. काकूंनी कुजलेल्यांपैकी एक हातात घेतलं.

"मग ही पाच कशानं गेली हो? ह्यांना तर मी पाणी घालत होते."

काका आयुष्यात पाण्याबद्दल कुणाशी खोटं बोलले नव्हते. पाणी येणार नसेल, तर साहेबाच्या दारात उभं राहूनही ते येणार नाही म्हणून सांगत. खरं उत्तर आता जिभेच्या टोकावर होतं, रोपवाटिकेच्या बाईंच्या शब्दांसकट.

"उन्हानं," ते म्हणाले. "दारासमोर ऊन फार लागतं. तू घालत होतीस म्हणून एवढी तरी टिकली."

"वाटलंच मला," काकू समाधानानं म्हणाल्या. "आता टाकी झाली की सगळ्यांना घालत जाईन. रोज दोन तांबे."

काका घमेल्यातली रोपं पुन्हा एकदा मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रोपवाटिकेत गेले. बाईंना म्हणाले, "समजा एखाद्या घरात याला रोज पाणी पडणारच असेल, आणि नको म्हणून सांगायची सोय नसेल, तर काय करायचं?" बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, जास्त काही विचारलं नाही. म्हणाल्या, उंचवट्यावर लावा, खाली भरपूर खडी घाला, पाणी बुंध्याशी न थांबता निघून गेलं पाहिजे.

टाकी बसल्यावर काकांनी एकोणीस खड्डे घेतले. प्रत्येकात वीतभर खडी, वर वाळू मिसळलेली माती, आणि खालून गेटबाहेर जाणारा उतार. चौतीस वर्षं पाणी आणायचं काम केलेला माणूस गुडघे टेकून पाण्याला निघून जायला वाट करून देत होता, आणि तेही बायकोला कळू न देता. हेडमास्तरांनी भिंतीवरून विचारलं, की एवढी खडी कशाला.

"मास्तर," काका हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या पाया पडतो, एवढं एक तपासू नका."

दुपारी काका झोपल्यासारखे पडून राहिले. काकू तांब्या घेऊन बाहेर गेल्या, आणि एकेका झुबक्यापाशी थांबून पाणी घालू लागल्या. काका डोळे मिटून ऐकत होते. पाणी खडीतून खाली उतरत होतं, कुठेही न अडकता.